वरच्या गावात भरलेला, टेलला रिकामा

माझा धंदा मंडपाचा आणि साऊंडचा. लग्न असो, उरूस असो, दहावं असो नाहीतर सभा असो, आमच्या टापूत कुठं माईक लागला की तो बहुतेक माझाच असतो. लोकांना वाटतं या धंद्यात ताकद लागते. ताकद लावायला गडी मिळतात. स्वतःला लागते ती सहनशक्ती, आणि ती माझ्याकडे मुळातच कमी आहे. माईक हातात आला की माणूस आधी त्याच्यावर टिचक्या मारतो, मग फुंकर घालतो आणि मग माझ्याकडे वळून विचारतो, चालू हाय का. ती फुंकर तोवर शिवारातल्या शेवटच्या वस्तीला ऐकू गेलेली असते. मी मान हलवतो आणि मनातल्या मनात जे म्हणतो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पूर्वी मी प्रत्येक पक्षाचे वेगळे पडदे ठेवायचो. पत्र्याच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात एक पक्ष, दुसऱ्या कोपऱ्यात दुसरा, आणि मध्ये लग्नाचं सामान. मग पक्षांचं असं सुरू झालं की सकाळी पडदा लावावा आणि दुपारी त्याच उमेदवाराने दुसऱ्या रंगाचा मागावा. कुणी फुटायचं, कुणी जोडलं जायचं, आणि शिडीवर मी चढायचो. शेवटी वैतागून बारामतीला गेलो आणि पांढऱ्या कापडाचे तागे आणले. आता सगळ्यांना पडदा पांढराच लागतो. फक्त वरची झालर बदलायची. झालर बदलायला एक शिडी आणि एक चहा एवढाच वेळ जातो, आणि युती झाली तर दोन झालरी एकीखाली एक टाचायच्या. वरची कुणाची यावरून भांडण होतं, पण ते त्यांचं ते मिटवतात.

आमचं गाव कॅनॉलवर. बारामतीकडून येणारा कॅनॉल इंदापूर तालुक्यात शिरतो त्या अंगाला आम्ही, म्हणून आम्ही वरचे. खाली जिथं पाणी पोचतं ना पोचतं, ते टेलचं गाव. माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, त्याच टेलच्या गावात दिली आहे. मोटरसायकलवर तासाभराच्या आत जाता येतं. पाण्याला मात्र तिथं जायला फार कष्ट पडतात.

कारण असं की कॅनॉल जुना आहे, मातीचा आहे, आणि तो झिरपतो. त्या पाझरावर आमच्याकडच्या विहिरी भरतात. आमच्या अब्बांनी खोदलेली विहीर कॅनॉलच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि कडक उन्हाळ्यातही तिच्यात वाकून बघितलं की आपलं तोंड दिसतं. अब्बा गेले, पण त्या विहिरीवर अम्माची मेथी, वांगी, कोथिंबीर आणि तिचा सगळा दरारा अजून चालू आहे. आणि जेवढं पाणी आमच्या विहिरीत झिरपतं, तेवढं टेलला जात नाही. दाजींची डाळिंबाची बाग आहे. कॅनॉलला पाण्याचं आवर्तन सुटलं की दाजी बांधावर जाऊन शेतात पाणी आणणाऱ्या कोरड्या चारीकडे बघत उभे राहतात. मग कधीतरी निर्णय झाला की कॅनॉलला आतून सिमेंट काँक्रीट करायचं. म्हणजे पाझर बंद, टेलला पाणी, आणि आमच्या विहिरींना राम राम.

एवढा साधा प्रश्न. कुणाचं तरी वाटोळं होणार आणि कुणाचं तरी भलं, एवढंच ठरवायचं. पण मतं दोन्ही गावांत आहेत, आणि दोन्ही गावं जिल्हा परिषदेच्या एकाच गटात येतात.

त्या गटात दोन इच्छुक. एक आबा आणि एक तात्या. निवडणूक लागणार लागणार म्हणत इतकी लांबली की आबांच्या फ्लेक्सवरचं ‘भावी सदस्य’ उन्हाने फिकं पडलं आणि नवं छापावं लागलं. सुरुवातीला आबा सिमेंटच्या बाजूचे होते आणि तात्या मातीच्या. मग वर कुठंतरी त्यांच्या पक्षांचं काहीतरी झालं, कोण कुणाबरोबर गेलं, आणि खाली आबा मातीचे झाले व तात्या सिमेंटचे. नुसती बाजू बदलली असती तर मी काही बोललो नसतो. त्यांनी भाषणंही बदलली. ‘माझ्या अंगावरून पोकलेन जाईल’ हे वाक्य मी तात्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की पुढच्या महिन्यात आबांनी ते म्हटलं तेव्हा मी चमकून स्टेजकडे बघितलं. स्टेज तेच, पडदा तोच, झालर तेवढी वेगळी.

पुढे दोघांनाही कळलं की एकच बाजू धरून एकच गाव मिळतं. तेव्हापासून दोघंही वरच्या गावात मातीचे आणि टेलला सिमेंटचे झाले. जिल्हा परिषदेचा त्या कॅनॉलशी काडीचा संबंध नाही, तो पाटबंधारे खात्याचा विषय, हे दोघांनाही माहीत होतं. त्यामुळे बोलायला तर आणखीच मोकळीक होती.

यात आबांची कला वेगळी. त्यांना ग्लास लागायचा. आमच्या गावात सभा असली की स्टेजवर पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा ग्लास ठेवायचा, तेही पाणी कुणाच्या तरी विहिरीचं, बाटलीचं नाही. भाषण रंगात आलं की आबा तो उचलायचे, लोकांना दाखवायचे आणि म्हणायचे, हे अमृत हाय, हे कुणाला आटवू देणार न्हाय. मग एक घोट. टाळ्या. त्याच दिवशी दुपारून टेलला सभा असली तर ग्लास रिकामा ठेवायचा. रंगात आले की तो उचलायचे आणि उपडा करायचे. एक थेंब पडत नाही हे सगळ्यांना दिसेपर्यंत धरून ठेवायचे. मग म्हणायचे, टेलच्या माणसाला आजवर हे मिळालं. टाळ्या.

ग्लास ठेवायचं काम माझ्याकडे आलं. साऊंडवाल्याचं ते काम नव्हे, हे मी स्पष्ट सांगितलं होतं, पण स्टेजवर मीच चढउतार करतो म्हणून ते माझ्यावर पडलं. भाषण चालू असताना आबा त्या टप्प्यावर आले की नुसते माझ्याकडे बघायचे, आणि मी डोळ्यांनी सांगायचो, हाय जागेवर. एकदा टेलला चुकून भरलेला राहिला होता. आबांनी उचलल्यावर त्यांना जड लागला. त्यांनी तसाच खाली ठेवला, कपाळाचा घाम पुसला आणि बोलणं रस्त्यांवर नेलं. भाषण संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, अरं, ध्यान कुठं असतं तुझं. मी म्हणालो, आबा, तुमचं कुठं असतं ते कळलं की माझंही तिथं ठेवतो. त्यांना विनोद वाटला. मी गंभीरपणे बोललो होतो.

इथवर मला या सगळ्याचा राग यायचा, पण गंमतही वाटायची. नंतर ते घरात शिरलं.

कॅनॉलवर पोकलेन आला तेव्हा आमच्या गावाने आंदोलन केलं. मंडप माझाच. बायकांना पुढे बसवायची पद्धत आहे, म्हणजे पोलीस जरा सांभाळून वागतात. त्यात अम्मा गेली. तिचे गुडघे दुखतात. मांडी घालून बसवेना म्हणून ती उठली आणि पोकलेनच्या बकेटला टेकून उभी राहिली. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. फोटोत असं दिसत होतं की एक म्हातारी एकटी हाताने पोकलेन अडवून उभी आहे. तो फोटो आमच्या गावात सगळ्यांच्या स्टेटसला लागला, आणि संध्याकाळपर्यंत टेलला आपाच्या सासूच्या हातात पोचला.

पुढच्या आठवड्यात आपा आली. आमच्याकडे आली की तिचा एक रिवाज होता. जाताना ती पांढरा प्लास्टिकचा कॅन भरून विहिरीचं पाणी न्यायची, चहाला. टेलचं बोअरचं पाणी खारं, त्यात चहा फाटल्यासारखा लागतो. हितल्या पाण्याचा एक कप घेतला की मला माहेरी आल्यागत वाटतं, असं ती दाजींसमोर म्हणायची आणि दाजी हसायचे. त्या दिवशी मात्र ती आली ती बसलीच नाही. सासू काय म्हणाली, जावा काय म्हणाल्या, पाणवठ्यावर बायका कशा गप्प होतात, हे तिने उभ्या उभ्या सांगितलं. अम्मा म्हणाली, मी टेकून उभी होते गं. आपा म्हणाली, मग दुसरीकडं टेकायचं. अम्मालाही राग आला. बाप गेल्यावर ही विहीर मी राखली, तुझं लग्न हिच्यावर झालं, हे ती बोलली. ते खरं होतं, पण तेव्हा बोलायची गरज नव्हती. आपा निघून गेली. कॅन ओट्यावर तसाच राहिला.

तो कॅन अम्माने उचलू दिला नाही. दर काही दिवसांनी ती तो धुवायची आणि उन्हात उपडा घालायची. मी एकदा म्हणालो, डिझेल आणायला नेतो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जनरेटरसाठी बाजारातून नवा कॅन घेतला.

पावसाळ्यानंतर आपाच्या धाकट्या दिराला मुलगा झाला. छटीला आम्ही गेलो. आपाने अम्माला पाटावर बसवलं, ताट वाढलं, काय हवं नको ते विचारलं, जसं लांबच्या पाहुण्याला विचारतात तसं. अम्मा अर्धी भाकरी खाऊन उठली. मग ती बायकांच्या घोळक्यात बसली, आणि भिंतीपलीकडून मी माझ्या कानांनी ऐकलं: सिमेंट झालंच पाहिजे, मी तर पहिल्यापासून सांगतीय, टेलच्या लेकरांनी काय पाप केलंय. सासू खूश झाली. आपा दारात उभी राहून आईकडे बघत होती.

तिथून आल्यावर आठवड्याभरात आमच्या गावात आबांची सभा झाली. आबांनी ग्लास उचलला, अमृत म्हणाले, आणि पहिल्या रांगेत सगळ्यांत जोरात टाळ्या कुणी वाजवल्या असतील तर अम्माने. त्याचाही व्हिडिओ टेलला गेला.

त्या दिवशी मी घरी आल्यावर तिला खूप बोललो. म्हणालो, आबा बरे, त्यांना निदान मधे प्रवासाला वेळ तरी लागतो. तू एकाच तोंडाने दोन्हीकडे. तुझ्यासाठी पण ग्लास ठेवत जाऊ का? ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली,

"मी कुठं उभी हाय इलेक्शनला? मला आपलं हितं शेजाऱ्यात ऱ्हायचंय, आन् तितं लेकीत."

मी आणखी चिडलो आणि जेवलो नाही. माझ्या न जेवण्याचा तिच्यावर काही परिणाम झाल्याचं दिसलं नाही.

रमजान लागला. आपा लग्न झाल्यापासून ईदच्या दुसऱ्या दिवशी यायचीच. यंदा येईल का, हे अम्मा मला विचारायची नाही. ती शेवया विचारायची. शेवया किती करू? दाजींना लागतात त्या बारीक करू का? मी टेलला एका कार्यक्रमाचं सामान सोडायला गेलो तेव्हा आपाच्या दारात टेम्पो उभा केला आणि सांगितलं, म्हातारी शेवया विचारतीय, काय सांगू. आपाने आधी मला चहा दिला. मग म्हणाली, येते, पण अट आहे. घरात कॅनॉलचं नाव कुणी काढायचं नाही. अम्माने नाही, मी नाही, कुणीच नाही. कुणी काढलं तर मी तशीच उठून जाईन आणि पुन्हा येणार नाही. दाजी बाजूला बसले होते. दाजी कमी बोलतात. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे ही खरंच जाईल.

मी अम्माला अट सांगितली. ती म्हणाली, कॅनॉल? कोण काढतंय त्याचं नाव?

आमच्या दोघांच्याही डोक्यातून एक गोष्ट गेली होती. ईदला आमच्याकडे शीरखुर्मा खायला सगळे पक्ष येतात. गावात मुसलमानांची घरं मोजकी, आमचं घर रस्त्यालगत, त्यात मी साऊंडवाला. त्यामुळे सुरुवात आमच्यापासून होते. आणि निवडणूक तोंडावर म्हणताना ईदच्या दिवशी उरले ते दुसऱ्या दिवशी यायचे.

आपा आणि दाजी सकाळीच आले. अम्माने आपाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि लगेच, किती वाळलीस, असं म्हणून चुलीकडे गेली. सगळं छान चाललं होतं. बोलणं दिराच्या लेकराचं, डाळिंबाच्या भावाचं, सासूच्या दाढेचं. पाणी हा शब्दसुद्धा जपून येत होता. आपा ओट्यावर गेली, तिथला कॅन तिने बघितला, पण हात लावला नाही. मी हे बघितलं आणि अम्मानेही बघितलं.

आणि मग रस्त्यावर गाड्या थांबल्या. आबा. बरोबर दहाबाराजण, एकाच्या हातात मोबाईल, लाइव्ह चालू. मी धावत फाटकाशी गेलो. आबांना बाजूला घेऊन म्हणालो, आबा, आज कॅनॉलवर बोलू नका. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघत मोठ्याने म्हणाले, अरं, ईद मुबारक. आणि आत शिरले. डोक्यावर जाळीची पांढरी टोपी होती, नवी, आणि त्यांच्या डोक्याला दोन मापं लहान. बोलताना ती हळूहळू वर सरकायची आणि ते ती पुन्हा दाबून बसवायचे.

सगळे बसले. दाजी कोपऱ्यात भिंतीला टेकून होते. आबांना ते गावातलेच कुणी वाटले असावेत. त्यांनी दाजींनाही हात जोडले. शेजारचे एक म्हातारे, ज्यांची विहीर आमच्या विहिरीला लागून आहे, तेही आबा आले म्हणून दारात येऊन उभे राहिले. अम्माने वाट्या भरल्या. आबांनी पहिला घास घेतला, वा म्हणाले, आणि दुसऱ्या घासाआधी सुरू झाले.

"चाची, तुमी काळजी करू नका. आपल्या कॅनॉलला..."

अम्माने त्यांच्या वाटीत आणखी शीरखुर्मा ओतला. आबा थांबले, खाल्लं आणि पुन्हा म्हणाले, आपल्या कॅनॉलला मी. अम्माने पुन्हा पळी पुढे केली. वाटी भरून सांडायला लागली तरी ती ओतत होती. मी मोठ्याने म्हणालो, आबा, तुमच्या नव्या गाडीचं सांगा की. आबा म्हणाले, गाडीचं राहू दे, घशाला गोड बसलं, जरा आपल्या विहिरीचं पाणी द्या. सवयच ती. आमच्या गावात आले म्हणजे हात ग्लासाकडे जाणार.

ग्लास घेऊन आली ती आपा. काठोकाठ भरलेला.

आबांनी तो घेतला. लाइव्हवाला पुढे सरकला. आबांनी ग्लास उंच धरला, टोपी दाबली आणि स्टेजवरच्या आवाजात म्हणाले, हे अमृत हाय. माझ्या अंगावरून पोकलेन जाईल, पण या कॅनॉलात सिमेंटची एक पाटी पडू देणार न्हाय. दारातल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपा जागची हलली नाही. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आता ही चपला घालणार.

तेवढ्यात बरोबरच्या एका कार्यकर्त्याने आबांच्या कानाशी तोंड नेलं. तो टेलच्या अंगाचा होता, आपाला आणि दाजींना ओळखत होता. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण आबांचे डोळे आपाकडून दाजींकडे आणि दाजींकडून ग्लासाकडे गेलेले दिसले. मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी तो भरलेला ग्लास तोंडाला लावला आणि न थांबता सगळा पिऊन टाकला. गळ्याची घाटी वरखाली होत होती, टोपी मागे घसरून पडली. पिऊन झाल्यावर त्यांनी श्वास घेतला, ग्लास उपडा केला, आणि थोड्या दमलेल्या आवाजात म्हणाले, आन् टेलच्या माणसाला आजवर हे मिळालं.

एक थेंब पडला. तो आमच्या सतरंजीवर पडला.

मला हसू आवरेना. मी तोंड फिरवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आपा म्हणाली, आबा, मला एक सांगा, सिमेंट पडणार का न्हाय पडणार. तिचा आवाज शांत होता, आणि मला तो आवाज लहानपणापासून माहीत आहे. त्यानंतर भांडी पडायची.

आबा पक्के गडी. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, ताई, लोकांचं जे म्हणणं तेच माझं म्हणणं. आता चाचीच बघा. आंदोलनात चाची पुढं होत्या, पोकलेनला आडव्या उभ्या राहिल्या. त्यावर तो टेलकडचा कार्यकर्ता, मदत करायच्या हेतूने, म्हणाला की व्हय, आणि छटीला आमच्याकडं आल्या तवा सिमेंट पायजेच म्हणाल्या, माझ्या बायकोनं ऐकलंय. दारातल्या म्हाताऱ्यांनी टाळ्यांसाठी जोडलेले हात खाली घेतले. त्यांना हे नवीन होतं.

सगळे अम्माकडे बघायला लागले. ती पळी हातात धरून उभी होती. मी तिला आयुष्यात कधी शरमलेली बघितली नव्हती. त्या दिवशी बघितली, आणि मला आबांना धरून बाहेर काढावंसं वाटलं.

अम्माने पळी पातेल्यात ठेवली.

"पडू द्या सिमेंट," ती आबांना म्हणाली. "लाइव्ह का काय ते चालू हाय न्हवं, मग घ्या त्येच्यात. माझी हीर आटली तर आटू दे. माझी लेक वरीसभर माझ्या दारात आली न्हाय. मला कशाला पायजे ती हीर, तिच्यात काय मी एकटीनंच तोंड बघत बसू?"

शेजारचे म्हातारे म्हणाले, अगं, पण माझी पण हीर. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आपा तिथंच खाली बसली. मला वाटलं ती रडेल. ती रडली, पण रडता रडता तिने आबांकडे बोट केलं आणि म्हणाली, न्हाय पडायचं सिमेंट. अब्बानं सुरुंगाच्या धुरात खोकत खोदलेली हीर हाय ती. आमी बोअर मारू, टँकर आणू, डाळिंब काढून बाजरी पेरू, तुमी सिमेंट टाकलंत तर मीच येऊन पोकलेनफुडं उभी ऱ्हाते. अम्मा म्हणाली, तू गप, तुला काय कळतंय, सिमेंट पडलंच पायजे. आपा म्हणाली, पडणार न्हाय. अम्मा म्हणाली, सासू काय म्हणंल तुझी. आपा म्हणाली, सासूला मी बघते, तू हिरीचं बघ. दोघींचे आवाज चढले. गेल्या वर्षीच्या भांडणात चढले नव्हते इतके चढले. फक्त बाजू उलट होत्या.

आबा मधे. ते आधी अम्माकडे वळून म्हणाले, बरोबर हाय चाची, सिमेंट. मग आपाकडे वळून, बरोबर हाय ताई, सिमेंट न्हाय. मग पुन्हा अम्माकडे. अशी वेळ त्यांच्यावर कधी आली नसावी. वरच्या गावची बाई खालचं मागत होती आणि खालची वरचं. त्यांच्या हिशेबात हे बसत नव्हतं. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं, भाषण रंगात आलं की ग्लासासाठी बघायचे तसं. मी ग्लास उचलला आणि आत घेऊन गेलो.

तेवढ्यात बाहेर आणखी गाड्या थांबल्याचा आवाज आला. तात्या. आबांनी टोपी उचलली, लाइव्हवाल्याला बंद कर म्हणून खूण केली आणि मागच्या दाराने, गोठ्यावरून, निघून गेले. तात्या आले, बसले, वाटी घेतली आणि पहिल्या घासानंतर म्हणाले, चाची, त्या कॅनॉलचं. दोघी एकदम म्हणाल्या, गप खावा. तात्यांनी गप खाल्लं, आणखी मागून घेतलं, आणि लवकर गेले. माझ्या माहितीत त्यांची तेवढी चांगली सभा कधी झालेली नाही.

निवडणुकीचं काय झालं ते सोडा. जो निवडून आला तो नंतर ज्याला पाडलं त्याच्याच पक्षात गेला, आणि मला पुन्हा शिडी लावावी लागली. पोकलेन अजून बांधावर उभा आहे. त्याच्या बकेटमध्ये पावसाचं पाणी साठतं आणि चिमण्या अंघोळ करतात. दाजींची चारी अजून कोरडीच आहे. आमची विहीर भरलेली आहे, आणि हल्ली तिच्यात वाकून बघताना मला पूर्वीसारखं निखळ बरं वाटत नाही.

पण मला सांगायचं होतं त्या दिवशीच्या संध्याकाळचं. ऊन उतरल्यावर दाजी गाडी काढायला उठले. आपा ओट्यावर गेली, तिने कॅन उचलला, त्याचं झाकण उघडून नाकाला लावलं, आणि म्हणाली, हा रोज धुतीस व्हय. अम्मा म्हणाली, रोज कशाला, मला काय उद्योग न्हाईत? आपाने कॅन माझ्या हातात दिला. मी विहिरीवर गेलो आणि भरून आणला.

अम्माने तो पुसला, झाकण घट्ट केलं आणि दाजींच्या मोटरसायकलवर मधे ठेवला. मग आपाला म्हणाली, "रिकामा झाला की घिऊन ये."

दिवसभर एक शब्दही न बोललेले दाजी तेव्हा बोलले. कॅनकडे बघून ते म्हणाले, हा लहान पडतो, साऊंडवाल्याकडं डिझेलचा मोठा असंल की, चांगला धुऊन घेतला तर महिनाभर पुरंल. मी शेडकडे वळलोही होतो.

आपा गाडीवर बसली, कॅन पुढे ओढून धरला आणि म्हणाली, "नगं. ल्हानच बरा हाय, लवकर सरतोय."